म्हातारपणी सोबत कोणाची?

प्रत्येक गावात एखादे दादा किंवा काका बिनलग्नाचे असतात. त्यांच्यातले काही समलिंगी असतात, म्हणजे त्यांचा जीव पुरुषावर जडतो. कुणाचे घरच्यांनी लग्न लावून दिलेले असते आणि त्यात ते दोघेही नवरा-बायको आतल्या आत झुरतात. हा आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली.

आज साठी-सत्तरीत असलेल्या या पुरुषांचे तारुण्य भीतीत गेले. इंग्रजांच्या काळातले कलम ३७७ त्यांना गुन्हेगार ठरवत होते. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी ते प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्द केले. मुंबईत १९९० साली ‘बॉम्बे दोस्त’ हे मासिक काढणारे अशोक राव कवी तेव्हा ७१ वर्षांचे होते. आयुष्य मागे वळून पाहताना असे कितीतरी जण म्हणत असतील, सुटका झाली, पण उशिरा.

आता प्रश्न उरतो म्हातारपणाचा. दवाखान्यात सही कोण करणार? घर, वावर कोणाचे होणार? २०२३ च्या निकालात न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही. त्यामुळे तीस वर्षे एका चुलीवर जेवलेला जोडीदारही कागदावर परकाच राहतो. मृत्युपत्र नसेल तर सगळे रक्ताच्या नात्यांकडे जाते.

म्हणून कागद वेळेवर करावेत. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणीची सक्ती नाही; पण दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवले तर पुढे वाद कमी होतात. स्वतःच्या कमाईचे आणि स्वतःच्या हिश्श्याचे मृत्युपत्र करता येते. बँकेत जोडीदारासोबत संयुक्त खाते उघडता येते, त्याला नॉमिनीही करता येते. केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये हे स्पष्ट केले आहे. मात्र नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, म्हणून मृत्युपत्र हवेच.

मैत्रिणींनो, बुलढाणा असो की मेहकर, लोणार, अशा भावाची आजारपणात सेवा बहुतेक वेळा बहीण, वहिनी किंवा पुतणीच करते. त्यांच्या ‘मित्रा’ला दारातून परत पाठवू नका. खाटेजवळ बसू द्या. काकांना विचारा, “तुमच्याजवळ कोण असावं वाटते?” उत्तर ऐकून घ्या, गावभर करू नका.

एकटेपणा फार वाटत असेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ हे क्रमांक आहेत. फोनला पैसे पडत नाहीत.