सौर पॅनेलच्या पाठीमागून काय खेळवावे?



विहिरीवर सौरपंप बसविणारे सभासद आता गटोगटी दिसतात. "साहेब, पॅनेल एवढं तापतंय, त्यावर आंघोळीचं पाणी निघंल का?" असा सवाल शिवारफेरीत हमखास येतो. निघते. वीज आणि गरम पाणी दोन्ही देणारी जोड-पॅनेले मिळतात. मात्र पाठीमागच्या नळ्यांतून काय खेळवायचे, यावर त्यांचे आयुष्य ठरते.

पडलेल्या उन्हाचा साधारण पाचवा हिस्सा वीज होतो. उरलेल्याची बहुतेक उष्णताच. पॅनेलची ताकद 25 अंशांवर मोजलेली असते. त्यापुढे दर अंशाला शेकडा 0.3 ते 0.4 वीज घटते. एप्रिलच्या दुपारी पॅनेल 65 अंशांवर गेले की शंभरातले बारा ते सोळा भाग गेलेच म्हणून समजा.

ही उष्णता ओढून नेण्यात पाण्यासारखा गडी नाही. एक किलो पाणी एका अंशाला 4.2 किलोज्यूल उष्णता घेते. तेल त्याच्या निम्मी, हवा चौथाई. थंड मुलखात पाणी गोठू नये म्हणून ग्लायकॉल मिसळतात. न्हावा शेव्याला काय किंवा आपल्या शिवारात काय, नळीत पाणी गोठत नाही. मग हा खर्च कशाला? घ्यायचेच तर प्रोपिलीन ग्लायकॉल घ्यावे. इथिलीन जातीचे विषारी, जनावरांच्या पाण्यात उतरले तर घात.

लातूरच्या महानंद डेअरीत 2006 साली 160 चौरस मीटरची सौर तबकडी बसली. तिच्यातही दाबाखालचे पाणीच फिरविले. तिथे दुधासाठी जबर उष्णता हवी होती. आपल्या पॅनेलकडे तशी धग मागू नये. पाणी 40-45 अंशांवर काढून घ्यावे. कढत मागाल तर वीज घटेल.

खरा वैरी क्षार. इव्हॅपोरेटरच्या नळ्यांना स्केल धरते, ते आपण कारखान्यात पाहिले आहे. बोअरचे जड पाणी इथेही तेच करील. म्हणून पॅनेलच्या नळ्यांत क्षारमुक्त पाणी गंजरोधक घालून बंदिस्त फिरवावे आणि टाकीतल्या कॉइलमधून वापराचे पाणी तापवावे. तांबे व ॲल्युमिनियम एकाच फेऱ्यात नकोत. ॲल्युमिनियम खाल्ले जाते. न्हावा शेव्यासारख्या किनाऱ्यावर खारी हवा बाहेरूनही खाते, तेथे फ्रेम व नटबोल्टही पारखून घ्यावे लागतात.

पॅनेल ठरविण्याआधी विहिरीचे पाणी स्वच्छ बाटलीत भरून माती-पाणी परीक्षणाला द्यावे आणि जडपणाचा आकडा विक्रेत्यापुढे ठेवावा.

— ऊस विकास अधिकारी