ओसीडी म्हणजे काय? मेंदूत नेमकं काय अडकतं?

"मला ना ओसीडी आहे, सगळं नीटच लागतं" असं रील्समध्ये तुम्हीही ऐकलं असेल. पण ओसीडी म्हणजे टापटिपीची आवड नव्हे. चिंचपोकळीतल्या आमच्या चाळीत माझा एक मित्र दाराचं कुलूप पंधरा-वीस वेळा ओढून बघतो. कुलूप लागलंय हे त्याला माहीत असतं, तरी तो जिना उतरून परत वर येतो. लोक म्हणतात, नाटकं करतो. म्हणून हा लेख.

मेंदूत काय होतं?
डोळ्यांच्या वर, कपाळामागे ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स हा भाग आहे. काही चुकतंय असं वाटलं की तिथून संदेश मेंदूच्या आतल्या कॉडेटकडे, मग थॅलॅमसकडे आणि फिरून पुन्हा वर येतो. काम झालं की हे चक्र शांत व्हायला हवं. ओसीडीत ते गरजेपेक्षा जास्त चालू राहतं. मेसेज वाचला तरी आयकॉनवरचा लाल आकडा जात नाही ना, तसंच!

हे कळलं कसं?
1987 मध्ये अमेरिकेत लुईस बॅक्स्टर यांच्या टीमने पेट स्कॅन केले. ओसीडी असलेल्यांच्या मेंदूत यातले काही भाग जास्त ग्लुकोज वापरताना दिसले. 1992 मध्ये त्याच टीमला आणखी एक गोष्ट दिसली: काहींना गोळ्या दिल्या, काहींना फक्त वर्तन थेरपी, आणि ज्यांना बरं वाटलं त्यांच्या कॉडेटमधली हालचाल दोन्ही गटांत कमी झाली. म्हणजे थेरपी ही नुसती बडबड नाही, तिने मेंदूचं कामही बदलतं.

मग स्कॅन करून घ्यायचा का?
नाही. हे फरक अनेकांच्या सरासरीत दिसतात. एका माणसाचा स्कॅन बघून ओसीडी आहे की नाही हे ठरत नाही. निदान डॉक्टर बोलून, प्रश्न विचारून करतात. त्यामुळे 'दोन मिनिटांत ओसीडी टेस्ट'वाल्या ॲप्सच्या निकालावर विसंबू नका.

उपाय काय?
भीती वाटत असतानाही पुन्हा तपासायचं नाही, याचा थोडा-थोडा सराव करून घेणारी ईआरपी थेरपी, आणि गरजेनुसार गोळ्या. कशानेच फरक न पडलेल्या मोजक्या रुग्णांसाठी मेंदूत इलेक्ट्रोड बसवायचा पर्यायही आहे. अशा मानसोपचार शस्त्रक्रियेला भारतात 2017 च्या कायद्यानुसार रुग्णाची संमती आणि मंडळाची मंजुरी दोन्ही लागतात.

चिंचपोकळीहून दोन स्टेशनं पुढे, परळच्या केईएममध्ये मानसोपचार विभाग आहे. घरातूनच बोलायचं असेल तर टेली-मानसचा 14416 नंबर लावा. मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. कुणी सारखं तपासत असेल तर हसण्याआधी हा नंबर त्याला पाठवा.