गोधडी शिवताना यंत्र का रुसते?

गेल्या पावसाळ्याच्या तोंडी आमच्या शिवणवर्गातील एक तरुण सून आमच्याकडे आली. काखेत अर्धी शिवलेली कौदी आणि चेहरा रडवेला. (हुबळी-धारवाडकडे गोधडीला कौदी म्हणतात, हे दूरच्या वाचकांसाठी सांगतो.) तिच्या बाळंतपणाला तीन महिने उरले होते. येणाऱ्या बाळासाठी सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांची कौदी यंत्रावर शिवावी, ही तिची हौस. परंतु खालच्या बाजूस दोऱ्याचे जाळे होई, वरचा टाका सुटे आणि मधोमध कापडाचा फुगा उठे. दुरुस्ती करणाऱ्या एकाने आतला भाग बदलावा लागेल, असे सांगितले होते. "फादर, यंत्रच विकून टाकते," ती म्हणाली. घरातल्या मीठमिरचीचा खर्च त्याच यंत्रावर पोलकी शिवून निघत असे. म्हणून आम्ही स्वतःच पाहावयास गेलो. आम्ही शिंपी नव्हे. पण बाळपणी आईचे यंत्र पुसण्याचे व त्यात तेल घालण्याचे काम आमच्याकडे होते, तेवढीच आमची विद्या.

शिवणयंत्राचा टाका दोन दोऱ्यांचा असतो. एक सुईतून वरून येतो, दुसरा खालच्या बॉबिनमधून. आणि दोहोंची मिठी कापडाच्या पोटात पडावी लागते. अमेरिकेत इलायस हाऊ याने १८४६ साली ज्या यंत्राचे पेटंट घेतले, त्याचे तत्त्व हेच, आणि आपल्या घरातल्या पायट्याच्या यंत्राचेही हेच. गांधीजी यंत्रांचे कडक टीकाकार. तरी १९२४ साली त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला त्या टीकेतून वगळले होते.

आता गंमत अशी की, जाळे खाली दिसले म्हणजे आपण खालचा भाग उघडतो. दोष मात्र बहुधा वर असतो. कापड दाबणारा पाय खाली असताना दोरा ओवला, तर बहुतेक घरगुती यंत्रांत ताणाच्या दोन चकत्या मिटलेल्या राहतात. दोरा त्यांच्यामध्ये न बसता वरूनच घसरतो, सैल सुटतो आणि खाली गोळा होतो. पाय उचलून पुन्हा ओवा. निम्म्या तक्रारी तेथेच मिटतात. आमच्या या सुनेचे जाळेही तेवढ्यानेच गेले. वर लाल व खाली पांढरा दोरा घालून चिंधीवर शिवून पाहावे. पांढरा वर डोकावला तर वरचा ताण जास्त, लाल खाली लोंबला तर कमी. चिंधीही कौदीइतक्याच थरांची घ्यावी. एकपदरी कापडावर जुळविलेला ताण जाड कौदीला पुरत नाही.

सुटणाऱ्या टाक्याचे कारण सुई. पोलक्याला चालणारी ११ नंबरची सुई चार थरांच्या लुगड्यात वाकते. तेथे १६ किंवा १८ नंबरची हवी. सुईवरची लांब खाच ज्या बाजूने दोरा ओवायचा त्या बाजूस यावी. टाकाही थोडा लांब ठेवावा. जुन्या कापडाची तूस दातांखाली साचते, ती ब्रशाने काढावी. तेल यंत्राचेच घालावे. खोबरेल घातले तर ते काही दिवसांनी गोंदासारखे चिकटते. कौदीचा भार टेबलाखाली लोंबू देऊ नये, डावीकडे एक स्टूल ठेवावे. नाहीतर वजनाने सुई ओढली जाऊन पत्र्यावर आपटते आणि मोडते.

राहिला मधला फुगा. यात यंत्राचा काहीच दोष नव्हता, आणि ही गोष्ट समजावयास आम्हांलाही दोन दिवस लागले. ही सून आजीच्या रीतीने शिवत होती, कडेकडून आत. धारवाडच्या पश्चिमेस व दक्षिणेस हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांत सिद्दी समाजाच्या भगिनी याच रीतीने कवंडी शिवतात. आफ्रिकेतून आलेल्या पूर्वजांचा हा समाज. त्यात ख्रिस्ती, मुसलमान, हिंदू तिन्ही आहेत, आणि ख्रिस्ती घरांच्या कवंडीवर पुष्कळदा क्रूस दिसतो. त्या एका कोपऱ्यापासून आरंभ करून कडेने फिरत फिरत मध्याकडे येतात. त्यांना फुगा येत नाही, कारण प्रत्येक तुकडा त्या त्या वेळी मांडून, हाताने सपाट करून धावदोऱ्याने टाचतात; हात थर ढकलत नाही. यंत्राचे दाते मात्र खालचा थर पुढे नेतात आणि पाय वरचा मागे रेटतो. कडा आधी बंद केल्या, तर हे रेटलेले कापड जाणार कोठे? ते मध्येच साचते.

म्हणून यंत्रावर क्रम उलटा. सगळे थर जमिनीवर पसरून, मध्यापासून कडेकडे कच्चा दोरा घालून घ्यावे. मग यंत्राची पहिली ओळही मध्यावरच मारावी आणि दोन्ही बाजूंस सरकत जावे. सासूबाईंना हे पटेना. "आमच्या सात पिढ्या कडेपासून शिवत आल्या," त्या म्हणाल्या. त्यांचेही खरेच होते, हाताच्या शिवणीपुरते.

सुनेने दोन संध्याकाळ बसून जुने टाके उसवले. नवी सुई घेतली. तिला खर्च तेवढाच आला. चार कोपऱ्यांवर सिद्दी भगिनी कापडाच्या घड्या करून फुले बसवितात, तशी तिलाही हवी होती. त्या घड्यांवर यंत्राचा पाय चढेना. तेव्हा सासूबाईंनी चष्मा शोधला, आणि ती फुले त्यांनी हातानेच टाचली.