परसातील ससे आणि शेजाऱ्यांचे नियम

ससा हा आवाज न करणारा प्राणी आहे. त्याला जागा थोडी लागते, आणि गवत, पाला व लसूणघास यांवर त्याचा बराचसा निर्वाह होतो. त्यामुळे तालुक्याच्या गावी गृहनिर्माण संस्थेत घर बांधून राहिलेल्या शेतकरी कुटुंबास परसात दोन-चार ससे पाळावेत असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पुष्कळदा ससे आधी येतात आणि संस्थेचे नियम मागाहून वाचले जातात. मग शेजाऱ्यांची तक्रार होते, नोटीस येते, आणि जनावरे घाईने मिळेल त्याच्या हवाली करावी लागतात. हा प्रसंग टाळता येण्याजोगा आहे. तो कसा टाळावा हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावे व सल्ला विचारण्यास येणाऱ्यांस समजावून सांगावे.

पाळीव ससा आणि रानससा

प्रथम एक भेद ध्यानात ठेवावा. आपल्या माळरानावर दिसणारा रानससा हा वन्य प्राणी असून त्यास १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाचे संरक्षण आहे. त्याला पकडणे, पाळणे वा मारणे हा गुन्हा होय. न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएट चिंचिला इत्यादी पाळीव जाती मूळच्या युरोपातील निराळ्या सशापासून झालेल्या आहेत. पाळण्यासाठी याच जातींचे ससे घ्यावेत.

कोणता नियम कोठे लागतो

घर गावठाणात असल्यास स्वच्छतेच्या व उपद्रवाच्या बाबतीत ग्रामपंचायतीचा अधिकार चालतो. शहरात तो नगरपरिषदेचा असतो. सहकारी गृहनिर्माण संस्थेत यांखेरीज संस्थेचे उपविधी लागू होतात. अशा संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये नोंदलेल्या असतात. इतर सभासदांस उपद्रव, त्रास वा गैरसोय होईल असे काही करू नये, अशा अर्थाची तरतूद उपविधींत सामान्यतः आढळते. उपविधींत सशाचा उल्लेख नसला, तरी या तरतुदीच्या आधारे तक्रार होऊ शकते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. घरातील मुलांनी लळा लावलेले दोन ससे आणि विक्रीसाठी वाढविलेले वीस ससे, या दोन गोष्टी सारख्या नव्हेत. पहिली गोष्ट घरगुती आवडीची, दुसरी व्यवसायाची आहे. राहण्यासाठी दिलेल्या जागेत व्यवसाय करण्यास संस्था हरकत घेऊ शकते. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना मुख्यतः कुत्र्यांविषयी आहेत. त्यांच्या आधारावर सशांचा धंदा मांडू नये.

तक्रारीचे मूळ

सशाविरुद्धची तक्रार बहुधा वासाची असते. सशाच्या कोरड्या लेंड्यांना फारसा वास नसतो. वास येतो तो मुताचा. मुतातील युरियाचे जिवाणूंमुळे अमोनियात रूपांतर होते, आणि लेंड्या व मूत एकत्र साचून ओली राहिली की ही क्रिया जोरात चालते. हाच वायू सशाच्या श्वासमार्गास अपाय करतो व त्यास सर्दीचा रोग जडतो. यास्तव शेजाऱ्याच्या नाकास जो वास खटकतो, तो सशाच्या आरोग्यासही घातक आहे, असे समजावे.

उपाय सोपा आहे. पिंजऱ्याखाली उतरते पत्र्याचे ताट ठेवावे, म्हणजे मूत एका बाजूस वाहून डब्यात जमेल. लेंड्या रोज सकाळी काढाव्यात. त्या खड्ड्यात टाकून वर सुकलेला पाला व मातीचा थर द्यावा. अशाने माश्या होत नाहीत आणि उत्तम खत मिळते. हे खत शेजाऱ्यांच्या फुलझाडांस आपण होऊन द्यावे. नियमाच्या पुस्तकापेक्षा अशा देवघेवीने शेजार अधिक टिकतो.

पिंजरा

एका मोठ्या सशास सुमारे ७५ सेंटिमीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद व ४५ सेंटिमीटर उंच पिंजरा लागतो. तळाची जाळी १२ मिलिमीटर छिद्रांची असावी, म्हणजे लेंड्या खाली पडतात व पाय अडकत नाहीत. नुसत्या जाळीवर सतत बसून तळपायांस जखमा होतात, म्हणून एका कोपऱ्यात लाकडी फळी ठेवावी. पिंजरा जमिनीपासून कमरेइतका उंच असावा व त्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. मांजर, मुंगूस व घुशी यांपासून बंदोबस्त करावा. पिंजरा कुंपणाच्या भिंतीस, विशेषतः शेजाऱ्याच्या खिडकीखाली, लावू नये. जिना, गच्ची, रस्ता या सामाईक जागांत तर मुळीच ठेवू नये.

उष्णता हा सशाचा मोठा शत्रू आहे. तपमान ३० अंश सेल्सिअसच्या वर गेले की त्याला त्रास होऊ लागतो, व नराची प्रजननशक्ती घटते. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात पिंजरा दाट सावलीत ठेवावा, भोवती ओले गोणपाट लावावे, आणि एप्रिल-मे महिन्यांत वीण घेऊ नये.

संख्येवर ताबा

बहुतेक भांडणांचे दुसरे कारण संख्या हे होय. मादीचा गर्भकाळ सुमारे ३१ दिवसांचा असतो, व एका वेताला चार ते आठ पिल्ले होतात. व्यायल्यावर लगेचच मादी पुन्हा गाभण राहू शकते. वर्षातून पाच वेते व प्रत्येक वेताला सहा पिल्ले धरली, तरी एका मादीपासून तीस पिल्ले होतात. नर व मादी एकाच पिंजऱ्यात ठेवणाऱ्यास सहा महिन्यांत जागा पुरेनाशी होते. म्हणून नर व मादी नेहमी वेगळे ठेवावेत. वीण घ्यावयाची असल्यास मादीस नराच्या पिंजऱ्यात न्यावे, उलट करू नये. पिल्लांचे नर-मादी तीन महिन्यांच्या आत वेगळे करावेत. जादा पिल्ले कोणास द्यावयाची, हे वीण घेण्यापूर्वीच ठरवावे. नकोसे झालेले ससे रानात सोडणे म्हणजे त्यांस मरणाच्या दारी सोडणे होय, आणि १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमाप्रमाणे पाळलेला प्राणी टाकून देणे गुन्हा आहे.

खाद्य व रोग

सशाचे दात आयुष्यभर वाढतात व पचनास तंतूंची गरज असते. म्हणून वाळलेले गवत सदैव पुढे असावे. जोडीस लसूणघास, शेवग्याचा पाला व थोडी गोळीपेंड द्यावी. कोबीची पाने बेताने द्यावीत. कांदा व बटाट्याचा पाला देऊ नये. सुबाभूळ अधिक खाल्ल्यास केस गळतात.

कानात खपल्या धरल्या तर ती खरूज समजावी. पिल्लांस हगवण लागल्यास त्वरित पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. आपल्या मनाने पेनिसिलिनसारखे औषध तोंडाने कधीही देऊ नये. त्याने आतड्यातील उपयुक्त जिवाणू मरून ससा दगावतो.

परवानगीचा अर्ज

ससे आणण्यापूर्वी संस्थेच्या उपविधींची प्रत मागून वाचावी. नंतर व्यवस्थापक समितीस लेखी अर्ज करावा. त्यात सशांची जास्तीत जास्त संख्या, पिंजऱ्याची जागा व कुंपणापासूनचे अंतर, लेंड्यांची विल्हेवाट, बाहेरगावी गेल्यास देखभाल करणारा माणूस, आणि विक्री करणार नसल्याचे आश्वासन इतके मुद्दे असावेत. लगतच्या दोन घरांची संमती जोडल्यास अर्जास बळ येते. उत्तर लेखी मागावे. नियमच अस्पष्ट असेल तर तो वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे मांडावा.

परवानगी नाकारली गेली, तर चोरून ससे आणू नयेत. ज्याचे शेत आहे त्याने पिंजरे शेतावरील घरी न्यावेत. व्यवसाय करावयाचा असल्यास तीच योग्य जागा आहे. तेथेही पिल्ले परत विकत घेण्याची हमी देऊन महागडे ससे गळ्यात मारणाऱ्यांपासून सावध राहावे. आधी बाजारपेठ पाहावी, मगच पैसे गुंतवावेत.

सारांश, पाळणाऱ्याने सशाच्या गरजा व शेजाऱ्याची गैरसोय या दोन्ही गोष्टी पिंजरा बांधण्यापूर्वीच विचारात घ्याव्यात. असे केल्यास दोन ससे परसात सुखाने नांदतात, आणि शेजारही नांदता राहतो.