तिसरं अंडं

तुमच्या घरी वसंत ऋतू कोणत्या दारानं येतो? पुस्तकात तो कोकिळेच्या कुहूकुहूबरोबर आणि आंब्याच्या मोहराबरोबर येतो. आमच्याकडे मात्र तो चिरंजीवांच्या चड्डीच्या खिशातून येतो! फाल्गुन लागला, की धुणं भिजवण्याआधी खिसे तपासायचे, हा माझा नेमच होऊन बसला आहे. या वर्षी त्या खिशांतून पांगाऱ्याच्या लाल पाकळ्या निघाल्या, सावरीचं एक जाडजूड फूल निघालं, तीन बोटभर कैऱ्या (त्यातली एक चावलेली) आणि काड्यापेटीत नीट झोपवलेला एक मेलेला भुंगा.

आम्ही वाईला राहतो. थोरली नऊ वर्षांची, चौथीत. धाकटा पाच वर्षांचा, बालवाडीच्या मोठ्या गटात. शिवाय सासूबाई, हे, आणि सकाळच्या वेळात माझी अर्धवेळ शिकवण्याची नोकरी. तुमच्यापैकी पुष्कळजणींचं असंच असेल. होळी, रंगपंचमी, पाडवा, चैत्रगौरीचं हळदीकुंकू हे सगळं या दीड-दोन महिन्यांत, आणि त्यातच मुलांची वार्षिक परीक्षा! कोकिळा ओरडायला लागली, की मला तर आधी पाढेच आठवतात.

त्यात या वर्षी आमच्याकडे एक पाहुणी आली.

आमच्या मागच्या गॅलरीत मधुमालतीचा वेल आहे. धुळवडीच्या दिवशी मी दोरीवरचे कपडे काढत होते, तर थोरली खालच्या आवाजात म्हणाली, “आई, हलू नकोस.” बघते तो काय, वेलाच्या दाट पानांत एक बुलबुल चोचीत गवताची काडी धरून बसलेला. डोक्यावर काळी शेंडी, शेपटीखाली लाल ठिपका. नर आणि मादी दिसायला सारखीच. पण थोरलीनं तिला तिथल्या तिथे “बुलबुलताई” करून टाकलं. चार-पाच दिवसांत काड्या, मुळं आणि गवत गुंडाळून वाटीएवढं सुबक घरटं तयार झालं. त्यात माझ्या शिवणाच्या डब्यातला निळा दोराही विणलेला दिसत होता. तो तिथवर कसा गेला हे मी विचारलं नाही. धाकटा फारच निरागस चेहरा करून उभा होता.

गॅलरीतली दोरी अर्थातच गेली. दिवसातून दोनदा पिळ्यांची बादली घेऊन गच्चीच्या बावीस पायऱ्या चढणं माझ्या नशिबी आलं. “बरं झालं, तुझा व्यायाम होईल,” असं म्हणून हे पेपरात डोकं घालून बसले! शेवटी मी मास्तरीणच. गॅलरीच्या दाराला कागद चिकटवला: घरट्याला हात लावायचा नाही. स्टुलावर चढायचं नाही. आरडाओरडा करायचा नाही. त्यावर सासूबाईंनी तोंडी भर घातली, “आणि लक्षात ठेवा रे, माणसाचा हात लागला, की पक्षी पुन्हा घरट्याकडे फिरकत नाही.”

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. थोरलीनं मात्र ते मनात ठेवलं.

मधल्या रविवारी मुलांना घेऊन आम्ही मेणवलीला गेलो. वाईपासून रिक्षानं थोडंच अंतर. नाना फडणवीसांचा वाडा पाहिला, कृष्णेच्या घाटावर बसून दशम्या खाल्ल्या. तिथली ती मोठी घंटा तुम्ही पाहिली आहे का? १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई जिंकली, तेव्हाच्या लुटीतली ती असल्याचं सांगतात. ही हकिगत मी अगदी रंगवून सांगितली. धाकट्यानं घंटेकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “आई, एवढी मोठी शाळा होती त्यांची?” त्यानंतर स्वारी घाटाच्या शेवटच्या पायरीवर घसरली आणि गुडघ्यापर्यंत कृष्णास्नान झालं. नवे बूट दोन दिवस उन्हात होते.

येताना ओळखीच्यांच्या बांधावर एक पळस भेटला. पान एक नाही, नुसता केशरी जाळ! झाडाला हात न लावता खाली पडलेली फुलं आम्ही पिशवीभर वेचली. रंगपंचमीला बाजारचा रंग आणायचाच नाही, असं मी आधीच ठरवलं होतं. गेल्या वर्षी धाकट्याच्या गालांवर पुरळ उठलं होतं. फुलं पाण्यात उकळून रात्रभर तशीच ठेवली आणि सकाळी गाळून घेतली, की सुरेख पिवळाकेशरी रंग मिळतो. पुष्कळजणी रंग गडद व्हावा म्हणून त्यात चिमूटभर चुना घालतात. मी घालत नाही, कारण पिचकारीचं पाणी पहिल्यांदा डोळ्यांतच जातं. खेळायच्या आधी अंगाला आणि केसांना खोबरेल तेल चोपडलं, की पुढची घासाघीस वाचते. एक सूचना मात्र अनुभवानं देते. फुलं दुधाच्या पातेल्यात उकळू नका. सासूबाई अजून ते पातेलं ओळखून दाखवतात!

रंगपंचमी झाली आणि दोन-तीन दिवसांनी घरट्यात अंडी दिसली. ह्यांनी हात उंच करून मोबाइलवर फोटो काढला, तो सगळ्यांनी आळीपाळीनं पाहिला. तीन अंडी. गुलाबीसर पांढरी, वर तांबूस-जांभळट ठिपके. थोरलीनं कॅलेंडरवर खूण केली. बुलबुलाची पिल्लं साधारण दोन आठवड्यांत बाहेर येतात, असं तिनं शाळेतल्या पुस्तकातून शोधून काढलं होतं.

आणि मग पाडव्याच्या तीन दिवस आधीपासून पोरीचं काहीतरी बिनसलं.

जेवेना. पुरणपोळीचं नाव काढलं तरी चेहरा खुलेना. गॅलरीकडे फिरकेना. विचारलं, तर “पोट दुखतं.” मी मनाशी निदान करून टाकलं, की ही परीक्षेची भीती! दवा म्हणून अर्धा तास अभ्यास वाढवला. वर आणखी काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. गणिताची वही तपासताना मधलं एक कोरं पान फाडलेलं दिसलं. नवी वही, आठ दिवसांपूर्वी आणलेली! मी चांगली दहा मिनिटं बोलले. शिस्त, पैशांची किंमत, काही म्हणता काही सोडलं नाही. पोर खाली मान घालून ऐकत राहिली.

पाडव्याच्या आदल्या रात्री मी कडुनिंबाचे डहाळे पाण्यात ठेवायला स्वयंपाकघरात गेले. सासूबाईंच्या खोलीत दिवा होता. थोरलीचा हुंदका ऐकू आला आणि पाठोपाठ शब्द, “आजी, आईला सांगू नकोस हं.”

बायांनो, माझे पाय तिथेच खिळले.

हकिगत अशी होती. मी शाळेत गेलेली असताना ती स्टुलावर चढली. अंडी प्रत्यक्ष पाहायचीच होती. स्टूल डगमगलं, तोल सावरायला तिनं वेल धरला, आणि घरट्यातून एक अंडं खाली पडून फुटलं. तिनं ते वहीच्या पानात गुंडाळलं आणि तुळशीच्या कुंडीत पुरलं. तेच ते पान! अंडं फुटल्याचं दुःख होतंच. पण तिच्या जिवाला खरा घोर वेगळाच लागला होता. वेलाला आणि घरट्याला तिचा हात लागला होता. म्हणजे आता बुलबुल येणार नाही, आणि उरलेली दोन अंडीही तिच्यामुळेच वाया जाणार. ते आपल्या डोळ्यांनी बघायला नको, म्हणून ती गॅलरीतच जात नव्हती.

मी आत गेले नाही. परत येऊन डहाळ्यांची पानं उगाच खुडत बसले. पोरीनं नियम मोडला, हे मनात आलंच नाही. ती माझ्याकडे का आली नाही, एवढंच डोक्यात घोळत होतं. मग उत्तरही सापडलं. येऊन काय ऐकायला मिळालं असतं? दारावरचा कागद!

पाडव्याला पहाटे तिला उठवलं आणि हात धरून गॅलरीच्या दाराशी नेलं. ती मागे ओढत होती. मी म्हटलं, “नुसतं बघ.” झुंजुमुंजू उजाडत होतं. घरट्याच्या काठावरून काळी शेंडी वर आलेली दिसत होती. बुलबुल अंड्यांवर बसलेली होती. रात्रभर तिथेच असणार.

“गेली नाही?” थोरलीनं विचारलं.

मग तिला समजावून सांगितलं. आजी म्हणते ते अगदीच खोटं नाही, पण कारण वेगळं आहे. माणसाच्या हाताच्या वासानं पक्षी घरटं सोडत नाहीत. पण सारखं कोणी जवळ आलं, हलवाहलव केली, तर भिऊन सोडतात. म्हणूनच लांबून बघायचं. पिल्लू खाली पडलेलं सापडलं, तर ते अलगद उचलून घरट्यात ठेवलं तरी चालतं. सासूबाई मागे उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, “असं होय? मग माझ्या आईनं आम्हाला घाबरवायलाच सांगितलं असणार.”

पण एवढ्यानं माझं काम संपलं नव्हतं. मला तिच्या पंक्तीला बसायचं होतं, आणि तशी जागा माझ्यापाशी होती. फाल्गुनातल्या चाचणीचे पेपर तपासताना एका मुलीच्या पुरवणीवरचं उत्तर मी मोजलंच नव्हतं. सहा गुण कमी पडले. ध्यानात आलं, तेव्हा गुणपत्रक ऑफिसात गेलेलं होतं. आता खाडाखोड, मोठ्या बाईंचा प्रश्न, सहकाऱ्यांच्या नजरा... चाचणीचेच तर गुण, असं म्हणून मी दोन आठवडे गप्प बसले होते. हे मी तिला सांगितलं.

“मग तू सांगितलंस का?”

“नाही अजून.”

“का?”

“भीती वाटली.”

“तुला?” तिचे डोळे एवढाले झाले. थोडा विचार करून मला म्हणाली, “तू आधी आजीला सांग. ती रागवत नाही.”

त्या दिवशी गुढी उभारली, कडुनिंबाची चटणी झाली. कोवळी पानं, गूळ, चिंच, हिंग, ओवा, मीठ. थोरलीनं तोंड वाकडं न करता ती खाल्ली आणि वर दोन पुरणपोळ्याही.

सुट्टीनंतर मी मोठ्या बाईंसमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, पेपर पाहिला, गुणपत्रक काढून दुरुस्त केलं आणि बाजूला सही केली. सगळं मिळून पाच मिनिटं लागली! नंतर त्या मुलीला बोलावून माझी चूक सांगितली. मला वाटलं, ती खूश होईल. ती एवढंच म्हणाली, “बाई, हे मला घरी दाखवायला लिहून द्याल?”

मी लिहून दिलं. त्या सहा गुणांपायी तिनं घरी काय काय ऐकलं असेल, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

रामनवमीच्या आधी उरलेली दोन्ही पिल्लं बाहेर आली. गुलाबी, उघडी, नुसती चोच! दोन्ही बुलबुल दिवसभर किडे आणत. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायका डाळ आणि पन्हं घेऊन गॅलरीच्या दाराशीच गर्दी करत होत्या. पन्ह्याची चव विचारलीत म्हणून सांगते: उकडलेल्या कैरीचा गर एक वाटी, तर गूळ दोन वाट्या, वेलदोडा आणि चिमूटभर मीठ. थोरली सगळ्यांना खालच्या आवाजात माहिती देत होती. कोणी विचारलं, “दोनच अंडी होती का गं?” तर ती म्हणाली, “नाही, तीन होती. एक माझ्यामुळे फुटलं.” आणि माझ्याकडे बघितलं.

हनुमान जयंतीनंतर दोन-तीन दिवसांत पिल्लं उडाली. गॅलरीची दोरी मोकळी झाली. दारावरचा कागद मी काढून टाकला आहे. पक्ष्यांसाठी पाण्याचं पसरट मातीचं भांडं तेवढं ठेवलंय. ते पाणी रोज बदलायचं काम मुलांकडे आहे.

आता तुमच्याकडेही परीक्षांचे दिवस येतील, वह्या तपासल्या जातील. एखाद्या वहीचं पान फाडलेलं दिसलं, तर माझ्यासारखी दहा मिनिटं घालवू नका. आधी जवळ बसवा आणि एवढंच विचारा, “काय केलंस गं त्या पानाचं?”