असत्यशोधक यंत्र आणि न्यायाचा तराजू

खरे कोण बोलतो आणि खोटे कोण, हे झटपट ओळखण्याची घाई माणसाला फार पुरातन काळापासून आहे. आपल्या मराठी मुलुखात एके काळी रवादिव्य होत असे. उकळत्या तेलातून धातूचा तुकडा आरोपिताने हाताने बाहेर काढावयाचा, मग त्या हातावर पिशवी बांधून मोहोर करावयाची, आणि ठरल्या दिवशी ती सोडून हात पाहावयाचा. हात शाबूत असला तर माणूस खरा, फोड उठले असले तर खोटा. युरोपातही अशीच अग्निदिव्ये व जलदिव्ये होत. १२१५ साली लॅटरन येथे भरलेल्या चौथ्या धर्मपरिषदेने धर्मगुरूंना अशा दिव्यांना आशीर्वाद देण्याची मनाई केली आणि त्या चालीचा पायाच खचला.

कढई गेली खरी; पण तिच्या जागी आता यंत्र आले आहे. त्याला इंग्रजी नावाने लाय डिटेक्टर किंवा पॉलिग्राफ म्हणतात. एखादा मोठा गुन्हा झाला, की ‘संशयिताला यंत्रावर बसवा म्हणजे सत्य बाहेर येईल’ असे उद्‌गार दूरचित्रवाणीवर ऐकू येतात, आणि दुसऱ्या दिवशी तेच बोल आमच्या पारावर व चहाच्या दुकानात उमटतात. ज्या गावाच्या नावातच ‘ठाणा’ आहे, त्या ठाणाकुशनूरच्या कुटुंबांनी तरी या प्रश्नाचा शांतपणे विचार करावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम हे यंत्र काय करते ते पाहू. १९२१ साली अमेरिकेतील बर्कले येथील पोलीस अधिकारी जॉन लार्सन यांनी ते तयार केले. छातीभोवती नळी, दंडावर रक्तदाबाची पट्टी आणि बोटांना तारा लावून श्वास, नाडी, रक्तदाब व घाम यांतील फरक टिपावयाचे, आणि तेवढ्या वेळात माणसास प्रश्न विचारावयाचे, अशी ही रीत आहे. म्हणजे हे यंत्र खोटेपणा मोजीत नाही; ते शरीराची खळबळ मोजते. ती खळबळ खोटे बोलल्याने होते, तशीच भीतीने, लाजेने, रागाने किंवा अपमानानेही होते. जन्मात कधी ठाण्याची पायरी न चढलेल्या शेतमजुराला चार अधिकाऱ्यांसमोर तारा लावून बसविले, तर त्याची नाडी शांत कशी राहणार? उलट निर्ढावलेल्या माणसाची नाडी ढळेलच, याची हमी कोण देणार?

याची उदाहरणे जगापुढे आहेत. अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यातील ऑल्ड्रिच एम्स हा रशियाला गुपिते विकीत असतानाच १९८६ व १९९१ साली अशा दोन चाचण्यांतून पार पडला. १९९४ साली तो पकडला गेला. अनेक स्त्रियांचे खून करणारा गॅरी रिजवे १९८४ साली या यंत्रापुढे ‘खरा’ ठरला. २००१ साली त्याला पकडून दिले ते डीएनएच्या पुराव्याने. पुढे २००३ साली त्याने ४८ खुनांची कबुली दिली.

येथे कोणी म्हणेल, ‘यंत्र शंभरांत दहा वेळा चुकत असेल, पण नव्वद वेळा तर बरोबर येते ना?’ या हिशेबातली फसगत समजून घ्यावी. समजा, एका गावात चोरी झाली. चोर एकच आहे, आणि आपण शंभर माणसांना यंत्रावर बसविले. यंत्राने चोरास पकडले असे धरून चालू. पण उरलेल्या ९९ निरपराध माणसांपैकी सुमारे दहाजणांवरही ते खोटेपणाचा शिक्का मारील. म्हणजे अकराजण ‘खोटे’ ठरले, त्यांत चोर एक आणि निर्दोषी दहा! त्या दहांच्या घरी चूल कशी पेटावयाची आणि त्यांच्या मुलींची लग्ने कशी ठरावयाची, हे यंत्र सांगत नाही.

आपल्या देशात या यंत्राच्या जोडीला आणखी दोन चाचण्या आल्या. एक नार्को, म्हणजे गुंगीचे औषध टोचून माणसास बोलते करणे. दुसरी मेंदूच्या विद्युत्‌लहरी तपासण्याची. सीमाभागातील खानापूरच्या अब्दुल करीम तेलगी याची बनावट मुद्रांकाच्या प्रकरणात बंगळूर येथे नार्को चाचणी झाली आणि तिची चित्रफीत पुढे दूरचित्रवाणीवरून घरोघर दाखविण्यात आली. गुंगीत उच्चारलेली नावे कोर्टात पोहोचण्याआधीच लोकांच्या तोंडी झाली. त्याच प्रकरणात २००४ साली मुंबई उच्च न्यायालयाने या चाचण्यांस मुभा दिली होती.

पुण्यातील प्रकरण तर साऱ्या जगात गाजले. २००७ साली एका विद्यार्थ्याचा विषाने मृत्यू झाला. जून २००८ मध्ये सत्र न्यायालयाने एका तरुणीस व तिच्या पतीस जन्मठेप सुनावली, आणि इतर पुराव्यांबरोबर मेंदूच्या चाचणीचा निष्कर्षही ग्राह्य मानला. त्या चाचणीत आरोपितेने तोंडातून शब्दही काढावयाचा नसतो. तिने डोळे मिटून वाक्ये ऐकावयाची आणि यंत्राने तिची ‘आठवण’ वाचावयाची! परंतु त्याच वर्षी बंगळूरच्या निमहान्स या संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने ही पद्धत शास्त्राच्या कसोटीस उतरत नाही, असा अभिप्राय दिला. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने त्या दोघांनाही अपिलाच्या काळात जामीन दिला.

अखेर हा प्रश्न आमच्याच कर्नाटकातून सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या खटल्यात ५ मे २०१० रोजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन व त्यांच्या दोन सहकारी न्यायमूर्तींनी निकाल दिला, की या तिन्ही चाचण्या कोणावरही सक्तीने करता येणार नाहीत. घटनेच्या विसाव्या अनुच्छेदाने आरोपितास स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या सक्तीपासून संरक्षण दिले आहे. जबरीने मन उघडणे हा त्या संरक्षणाचा भंग होय, असे न्यायालयाने मानले. माणसाने राजीखुशीने चाचणी दिली, तरी तिचा निष्कर्ष हा स्वतः पुरावा होत नाही. मात्र अशा स्वेच्छेच्या चाचणीतून एखादी वस्तू वा माहिती हाती लागली, तर ती कायद्यानुसार पुराव्यात येऊ शकते. ९ जून २०२५ रोजी बिहारमधील एका प्रकरणात न्यायमूर्ती संजय करोल आणि निपाणीत जन्मलेले न्यायमूर्ती प्रसन्न वराळे यांनी हेच तत्त्व पुन्हा ठामपणे सांगितले.

ख्रिस्तसभेची शिकवण याहून जुनी आहे. इ. स. ८६६ मध्ये पोप पहिले निकोलस यांनी बल्गेरियाच्या लोकांस लिहिलेल्या पत्रात छळ करून कबुली घेण्याचा निषेध केला. ३ ऑक्टोबर १९५३ रोजी पोप बारावे पायस यांनी दंडविधानाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेपुढे बोलताना, शारीरिक व मानसिक छळ आणि नार्को चाचणी यांना न्यायालयीन तपासात स्थान असू नये, असे सांगितले. त्यांनी दोन कारणे दिली. आरोपी खरोखर अपराधी असला तरी त्याच्या नैसर्गिक हक्कावर त्यामुळे घाला येतो. आणि अशा उपायांतून वारंवार चुकीचेच निष्कर्ष निघतात.

याचा अर्थ गुन्हेगार मोकाट सुटावा असा नव्हे. ज्यांच्या घरचा माणूस मारला गेला, त्यांचे अश्रू आम्ही विसरत नाही. परंतु चुकीचा माणूस तुरुंगात गेला, तर खरा खुनी गावातच मोकळा राहतो, आणि त्या अश्रूंची दुहेरी थट्टा होते. बोटांचे ठसे, रक्ताचे डाग, डीएनए, साक्षीदारांचा कसून घेतलेला जबाब, हा तपास सावकाशीचा व कष्टाचा आहे. पण दुसऱ्या माणसाला तो पडताळून पाहता येतो.

आमच्या वाचकांनी थोडे ध्यानी ठेवावे. ‘निर्दोष आहेस, तर यंत्राला का भितोस?’ असे कोणी विचारले, तर घाबरून अंगठा देऊ नये. नकार देणे हा गुन्हा नव्हे आणि ती कबुलीही नव्हे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २००० साली घालून दिलेल्या नियमांप्रमाणे संमती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवावी लागते. चाचणीचे परिणाम समजावून सांगावे लागतात. वकिलाचा सल्ला घेता येतो. ज्याला वकील परवडत नाही, त्याला १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली विनामूल्य साहाय्य मागता येते. स्त्रियांना व कोठडीत असलेल्यांना तो हक्कच आहे.

आणि शेवटी एक गोष्ट पोलिसांची नव्हे, आपली आहे. ‘खोटी साक्ष देऊ नको’ ही आठवी आज्ञा यंत्रासाठी लिहिलेली नाही. ज्याच्या अपराधाचा निकाल लागलेला नाही, त्याला पारावर बसून चोर ठरविणे, हीही खोटी साक्षच होय. न्यायाचा तराजू कोर्टात असतो हे खरे. पण त्याचे एक पारडे गावाच्या जिभेवर तोललेले असते.