पाणी पाजणारे हात

पेरणीपूर्वी आमच्या बुलढाणा जिल्ह्यात वखराची पास पाजवून घेण्याची घाई असते. लाल तापलेले पोलाद पाण्यात बुडवले की कठीण होते, पण ठिसूळही. म्हणून जाणता लोहार त्याला पुन्हा थोडी ऊब देतो.

टायटॅनियमचेही असेच आहे. ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम मिसळलेली त्याची भुकटी लेसरने थरावर थर वितळवून खुब्याचे सांधे ‘छापतात’. प्रत्येक थर क्षणात निवतो. धातू कठीण होतो, पण आत ताण कोंडून राहतो. मग निर्वात भट्टीत सुमारे ८०० अंश सेल्सिअसला दोनेक तास ठेवून तो सावकाश निववतात. हवेत तापवला तर प्राणवायू शोषून पुन्हा ठिसूळ व्हायचा! या तापण्याने ताकद किंचित घटते, पण चिवटपणा वाढतो.

बँकेत असताना लोहारांचे कर्जअर्ज माझ्या टेबलावर येत. त्यांत तारणाचा रकाना असे. रंगावरून उष्णता ओळखणाऱ्या डोळ्यांचा नसे. पुढे ट्रॅक्टर आले, भाते थंडावले. त्या घरांतली मुले आज तंत्रनिकेतनाच्या दारात उभी आहेत. वाचकहो, धातुशास्त्राचा पहिला धडा त्यांच्या बापाच्या ऐरणीपासून सुरू झाला, तर ती त्या वर्गात परकी राहणार नाहीत.